चामड्यावरचा रानगुलाब आणि एक अडलेली खुर्ची

आरी_दोरा

गेली सहा वर्षं मी नोकरी सांभाळून चामड्याचं काम करतोय. डेन्व्हरला राहतो. इथे लिहीन लिहीन म्हणत राहून जात होतं. आता एका खुर्चीपाशी अडलोय, म्हणून सगळंच लिहून काढतो.

मी करतो ते अमेरिकन वेस्टर्न पद्धतीचं काम: कोरीव नक्षीचे कमरपट्टे, पाकिटं, वहीची वेष्टणं, आणि आता बसायच्या वस्तू. काउबॉयच्या खोगिरावर फुलापानांची दाट नक्षी असते, ती बहुतेकांनी चित्रपटात तरी पाहिली असेल. माझा बरीच वर्षं समज होता की ती साच्याने उठवलेली असते. मग एका मे महिन्यात वायोमिंगमधल्या शेरिडनला गेलो. डेन्व्हरपासून सरळ उत्तरेला सहा-सात तासांची गाडी. तिथे दरवर्षी चर्मकामाचा मोठा बाजार भरतो. एका टेबलापाशी एक कारागीर हाताने फूल कापत होते. तासभर उभा राहून बघितलं आणि येताना एक चाकू घेऊनच परतलो.

शेरिडनच्या मुख्य रस्त्यावर किंग यांचं खोगिरांचं आणि दोरखंडांचं दुकान आहे आणि मागे संग्रहालय. डॉन किंग (१९२३–२००७) यांच्या हातून जी नक्षी घडली तिला आज जगभर ‘शेरिडन शैली’ म्हणतात. १९९१ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला. त्यांच्याआधीची खोगिरांवरची फुलं मोठी, सुटी सुटी असायची. किंग यांनी फूल लहान केलं आणि देठ वर्तुळात फिरवला. एका वर्तुळाचा देठ दुसऱ्याच्या पोटात शिरतो आणि प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक रानगुलाब बसतो. पट्टा कितीही लांब असला तरी नजर कुठे थांबत नाही, वेलीबरोबर पुढे सरकत राहते.

आता काम कसं होतं ते. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडंच लागतं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं चालत नाही, ते ठसा धरत नाही, रबरासारखं परत वर येतं. चामडं दोन्ही बाजूंनी ओलं करायचं, पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी काढून उघड्यावर ठेवायचं. रंग जवळजवळ मूळ फिकटपणावर आला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, ती वेळ. त्याआधी हात लावला तर चामडं चिखलासारखं दबतं. उशीर केला तर पातं अडतं आणि रेघ फाटल्यासारखी दिसते.

या कामाच्या चाकूचा दांडा पात्यासकट गोल फिरतो. वर एक खोबण असते, तिच्यात तर्जनी टेकवायची आणि अंगठा व मधल्या बोटाने दांडा फिरवायचा. काप चामड्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल. आधी फूल, मग देठ, मग पानं. त्यानंतर पोलादी ठसे आणि मोगरी: रेघेची एक बाजू दाबून उतार करायचा, पाकळीला खोलगटपणा द्यायचा, पानाला शिरा काढायच्या, मधली मोकळी जागा बारीक ठोक्यांनी खाली बसवायची. शेवटी पुन्हा चाकू घेऊन सजावटीचे मोकळे काप. ते शेवटाकडे बारीक होत जाऊन नाहीसे व्हायला हवेत. मी सहा वर्षं हे काप रोज पुठ्ठ्याएवढ्या तुकड्यावर गिरवतोय आणि आत्ता कुठे दहातले सात बरे येतात.

यात खोडरबर नाही. चुकीची रेघ कापली की ती कापलीच. म्हणून मला वाटतं की या कामातलं निम्मं कौशल्य हातात असतं आणि निम्मं चामडं निवडण्यात आणि थांबण्यात.

खुर्चीचं उद्या लिहितो. बराच उशीर झालाय.

अनघा_पुणे

फार छान लिहिलंय. ते गालाला लावून बघणं वाचून आजीची आठवण झाली. ती पापडाचं पीठ असंच मनगटाला लावून बघायची. पुण्यात हे शिकायचं असेल तर चामडं मिळेल का? आणि इथल्या पावसाळ्यात टिकेल का? माझ्या दोन पर्सना दर जुलैत पांढरी बुरशी येते.

टेक्ससकर

सॅन अँटोनियोहून. खोगिरावर थोडी भर घालतो, मुलगी दोरफासाच्या स्पर्धांना जाते म्हणून जवळून बघितलंय. वेस्टर्न खोगीर इंग्लिश खोगिरापेक्षा कितीतरी जड असतं, पंधरा-अठरा किलो सहज. कारण ते गुरं धरायचं हत्यार आहे. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर कच्चं कातडं ओलं असताना शिवतात. ते वाळताना आवळतं आणि सांगाडा पोलादासारखा घट्ट होतो. पुढची जी मूठ असते तिच्याभोवती दोर गुंडाळला की दुसऱ्या टोकाचा चारपाचशे किलोचा बैल तिथे अडकलेला असतो. आमच्याकडे दोर मुठीला आधीच पक्का बांधतात, कॅलिफोर्नियाकडे फास पडल्यावर वेढे देतात. दोन्हीकडचे लोक यावर तासन्‌तास बोलू शकतात.

हे सगळं मेक्सिकोतून आलेलं. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस सोळा घोडे घेऊन उतरला, तिथून पुढे गुराखी म्हणजे ‘वाकेरो’, आणि त्याचंच इंग्रजी तोंडात ‘बकरू’ (buckaroo) झालं. आणि त्याच्याही मागे स्पेनमधलं कोर्दोबा. अरबांच्या काळापासून तिथलं चामडं नावाजलेलं.

मृण्मयी_के

टेक्ससकर, अरबांवरून आठवलं. आपल्या ‘रिकीब’ची मुळं अरबीत आहेत आणि ‘जीन’ फारसीतून आलेला. जीन करणारे ते जीनगर. मराठ्यांच्या घोडदळामागे किती खोगिरं, तंग, लगाम, तोबरे लागत असतील, आणि ते करणारे हात आपल्याकडे होते. माझ्या माहेरी जीनगर आळी आहे, पण तिथे आज एकही घर चामड्याचं काम करत नाही. आपल्याला ‘खोगीरभरती’ हा शब्द रोज लागतो, मात्र खोगिरात काय आणि कसं भरायचं हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आरी_दोरा यांचा धागा वाचून याची खंत जास्तच वाटली.

आरी_दोरा

@अनघा_पुणे, पुण्यात दुकानातून जे चामडं सहज मिळतं ते बहुतेक क्रोमवर कमावलेलं असतं. ओळखायला सोपं आहे: कापलेली कड बघा. निळसर-करडी झाक असेल तर क्रोम. आतपर्यंत बदामी असेल तर सालीचं. आणखी एक खूण, नखाने दाबून ओढा. सालीच्या चामड्यावर रेघ राहते. तमिळनाडूत सालीवर कमावलेलं चामडं होतं, तिथून मागवणारे आहेत. कमरपट्ट्याला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडी घ्या, पाकिटाला एक ते दीड पुरे.

पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापायचा. पोटाकडचं चामडं सैल असतं, ते वर्षभरात लांबतं. स्वस्त पट्टे वाकडे होतात ते याने.

बुरशीसाठी एकच: प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून वारा लागेल अशा फळीवर ठेवा, आणि जूनच्या आधी मेणाचा हलका हात द्या. तेल कमीच. जास्त तेलाने चामडं लुळं पडतं.

आता खुर्ची.

वायोमिंगमध्येच, शेरिडनच्या पश्चिमेला कोडी नावाचं गाव आहे. तिथे १९३१ साली थॉमस मोल्सवर्थ (१८९०–१९७७) यांनी शोशोनी फर्निचर कंपनी सुरू केली. माणूस शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. त्यांनी गुरांच्या वाड्यावरचं, म्हणजे रँचवरचं, ओबडधोबड सामान घेतलं आणि त्याचं दिवाणखान्याचं फर्निचर केलं. सरळसोट लाकूड त्यांना नको होतं. खोडावर गाठी आलेल्या असतात ना, ते खांब ते मुद्दाम निवडायचे. खुर्चीचे पाय आणि हात त्याच गाठाळ खांबांचे, बैठकीला लाल, हिरवं, पिवळं चामडं, कडेने पितळी खिळ्यांची रांग, कुठे मूस या मोठ्या हरणाचं शिंग, कुठे न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावच्या विणकामाची उशी. त्यांचं पहिलं मोठं काम वायोमिंगच्या ईशान्येला ‘रँच ए’ नावाच्या वाड्याचं, वृत्तपत्रमालक मोझेस ॲनेनबर्ग यांच्यासाठी. कोडीच्या बफेलो बिल संग्रहालयात या खुर्च्या बघायला मिळतात. मी त्यांच्यासमोर दोन दिवस घालवले. गाठ हा लाकडाचा दोष मानतात. त्या माणसाने तीच गाठ हाताखाली येईल अशी बसवली, म्हणजे बसणाऱ्याचा तळवा आपोआप तिच्यावर जातो. मला हे फार मोठं वाटतं.

त्या धर्तीवर मी वडिलांसाठी एक आरामखुर्ची करायला घेतली. लाकूड लॉजपोल पाइनचं. फक्त बैठक आणि पाठ मला रंगीत मऊ चामड्याची नको होती, मला सालीचं जाड चामडं हवं होतं, पाठीवर रानगुलाब कोरलेला. नक्षीला पाच आठवडे लागले, रोज रात्री दीड-दोन तास. ती उत्तम झाली हे मी स्वतः म्हणतो.

पण दोन गोष्टी बिघडल्या. एक, चौकटीवर चामडं ठोकायला पितळी म्हणून जे खिळे आणले ते वरून पितळी मुलाम्याचे आणि आत लोखंडी निघाले. चामडं किंचित ओलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खिळ्याभोवती काळं-निळं वर्तुळ. दोन, बैठक. अख्खं एकसंध चामडं ताणून बसवलं होतं. वडील तीन आठवडे बसले आणि मधोमध परात ठेवावी एवढा खोलगा पडला. त्यांना उठताना त्रास होतो, गुडघे दुखतात. बोलत नाहीत, पण मला दिसतं. डागांचं आणि बैठकीचं काय करू? पाठ वाचवायची आहे.

सुतारपक्षी

नाशिकहून, सागवानात काम करतो. चौकटीचा एक प्रश्न: बैठकीच्या दोन बाजूंच्या दांड्यांमध्ये आडवा दांडा आहे का? नसेल तर चामड्याआधी दांडेच आत ओढले जात असतील. पाइन मऊ लाकूड. माणूस बसला की सगळा ताण आतल्या दिशेने येतो. समोर आणि मागे एकेक आडवा दांडा, गोल सालकाढणीचा, भोकात घट्ट बसवलेला हवाच. आधी सुतळी लावून मोज: रिकामी खुर्ची आणि बसलेली खुर्ची.

गाठाळ खांबाचं वाचून आनंद झाला. आमच्याकडे गाठ आली की गिऱ्हाईक फळी परत करतं.

पंचगंगाकाठ

धागा दोनदा वाचला, मग लिहितोय. आमच्या घरात चार पिढ्या कोल्हापुरी चपला. मी स्वतः आता शाळेत शिकवतो, पण सुट्टीत आबांच्या शेजारी बसलेलो आहे.

तुम्ही सालीचं चामडं म्हणता ते आमचंच. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याची पिशवी शिवायची, आत सालीचा आणि हिरड्याचा काढा भरायचा आणि टांगून ठेवायची. पाणी झिरपत झिरपत कातडं आतून कमावलं जातं. खाली घमेल्यात गळलेला काढा परत वर ओतायचा. हे काम ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं, वास आणि पाण्यात उभं राहणं सोसून. चपलेचं कौतुक होतं तेव्हा त्यांचं नाव फारसं निघत नाही म्हणून इथे लिहितो. २०१९ ला कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण कमावणारी घरं कमी झाली की चप्पल कशाची करणार, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या डागांबद्दल. हिरड्यात लोखंड पडलं की काळं होतं हे आमच्याकडच्या पोराला पण ठाऊक असतं. जुनी काळी शाई कशी करायचे? हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. तुमच्या खिळ्याभोवती शाईच झाली आहे. लिंबाचा रस कापसाने लावा, चोळू नका, टिपा. नंतर साध्या पाण्याने पुसा. नाही गेलं तर पुन्हा. पूर्ण जाणार नाही, पण फिकं होईल. खिळे मात्र आधी काढा आणि नवे चुंबक लावून तपासून घ्या. आमच्या चपलेत मुळात खिळाच नसतो, चामड्याच्या वादीनेच शिवतात.

आता बैठक. एकसंध चामडं बसणारच, ते अंगाचा आकार घेतं, हा त्याचा गुणच आहे. चपलेत तोच गुण हवा असतो, महिन्याभरात तळ पायाचा होतो. बसायला नको. तुम्ही वाद्या काढा. म्हशीचं जाड चामडं मिळालं तर उत्तम, आमचा तळ त्याचाच. दीड-दोन इंचाच्या वाद्या, कण्याला समांतर, आणि बाजेसारखं उभं-आडवं विणा. वादी आधी ओली करून वजन टांगून एक दिवस ताणून घ्या. जेवढी लांबायची तेवढी आधीच लांबू दे. मग ओलसर असतानाच विणा आणि सावलीत वाळू द्या, उन्हात अजिबात नको. एखादी वादी सैल पडली तर तेवढीच ओढून घेता येते.

अनघा_पुणे

बाजेसारखं! किती साधी गोष्ट. हिरडा म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात तोच ना? मी आजवर त्याला औषधच समजत होते.

पंचगंगाकाठ

तोच. बाळहिरडा औषधाला महाग जातो, मोठं वाळलेलं फळ कमावण्याला.

निलेश_जी

कुणाला दुखवायचं नाही, पण मनात येतं ते विचारतो. एवढ्या कौतुकात त्या जनावराचं काय? आता कृत्रिम चामडं चांगलं मिळतं की.

आरी_दोरा

@निलेश_जी, प्रश्न योग्य आहे आणि मी तो स्वतःला विचारलाय. मी वापरतो ते कातडं मांसासाठी गेलेल्या जनावराचं. ते वापरलं नाही तर पुरलं किंवा जाळलं जातं. बाजारातलं कृत्रिम चामडं बहुतांशी कापडावरचं प्लॅस्टिक असतं, तीन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात. मी एवढंच ठरवलंय की ज्या जनावराचं कातडं माझ्या टेबलावर आलं त्याचा तुकडा वाया घालवायचा नाही आणि वस्तू अशी करायची की ती पन्नास वर्षं दुरुस्त करता येईल. म्हणून शिवणही हाताची, दोन सुयांची. आरीने तिरपा छेद, एकाच छेदातून दोन्ही बाजूंनी दोन सुया. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे सुटू लागतात. या शिवणीत शेजारचे टाके धरून राहतात. तुम्हाला हे पटलं नाही तरी मी समजू शकतो.

@सुतारपक्षी, सुतळी लावून मोजलं. वडील बसले की दांडे ११ मिलिमीटर आत येतात! आडवा दांडा फक्त मागे होता.

@पंचगंगाकाठ, तुमच्या प्रतिसादाची प्रत काढून कामाच्या टेबलासमोर लावली आहे. आबांना माझा नमस्कार सांगा.

टेक्ससकर

वाद्यांवरून आणखी एक. मेक्सिकोत हालिस्को प्रांतात ‘एकिपाल’ नावाच्या बुटक्या गोल खुर्च्या करतात, देवदाराच्या पट्ट्या आणि वर चामडं. त्यातही चामडं ओलं असताना बसवतात आणि पट्ट्या चामड्याच्याच दोरीने बांधतात. आमच्या अंगणात दोन आहेत, वीस वर्षांच्या. कोल्हापूर आणि हालिस्को, दोघांनीही बांधायला चामडंच घेतलं.

मृण्मयी_के

पाठीवरच्या नक्षीचा फोटो टाका ना.

आरी_दोरा

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.

आधी डाग. खिळे काढले. लिंबाचा रस चार वेळा, दर वेळी मध्ये पूर्ण वाळू दिलं. काळ्याचं फिकट तपकिरी झालं. त्यावर नक्षीच्या खोलगट भागात भरायचा गडद रंग कडेने थोडा पसरवला, तर आता डाग रंगाचाच भाग वाटतात. खिळे पितळीच, चुंबक लावून घेतले.

समोरचा आडवा दांडा बसवला, गाठ असलेला मुद्दाम शोधला. आता दांडे २ मिलिमीटरच हलतात.

म्हशीचं इथे मिळालं नाही. खोगिराचं जाड चामडं घेतलं, साधारण ५ मिलिमीटरचं. पाठीकडच्या भागातून ४५ मिलिमीटर रुंदीच्या वाद्या काढल्या, उभ्या नऊ, आडव्या आठ. गॅरेजच्या तुळईला टांगून प्रत्येकीला दहा किलो वजन लावलं. एका दिवसात सव्वा मीटरची वादी ३ सेंटिमीटर लांबली. दोन वाद्या मात्र साडेपाच सेंटिमीटर लांबल्या, त्या कडेच्या, पोटाजवळच्या होत्या. त्या बाजूला काढल्या, त्यांचे चावीचे गोफ करीन. बाकीच्यांच्या कडा गोल घासून मेण लावलं, नाहीतर विणताना एकमेकींना चिरतात.

विणकाम शनिवारी केलं. वडील शेजारी येऊन बसले. लहानपणी गावाकडे बाज विणायला ते मदत करायचे हे मला माहीत नव्हतं. मी उभी-आडवी एकाआड एक घालत होतो, त्यांनी थांबवलं. म्हणाले, मधल्या चार वाद्या एक सोडून एक अशाच ठेव, पण कडेच्या दोन घट्ट घे, भार नेहमी पुढच्या कडेवर येतो. सगळ्या पुढच्या वाद्या त्यांनीच ओढल्या. सत्त्याहत्तर वर्षांचे हात, पण ओढ माझ्यापेक्षा एकसारखी होती.

सावलीत चार दिवस वाळली. नवव्या दिवशी मोजलं, मधोमध ४ मिलिमीटर खाली. आधीच्या बैठकीत तीन आठवड्यांत ६० झाले होते. वडील आता एका हाताचा आधार घेऊन उठतात. तो हात बरोबर गाठीवर पडतो.

फोटो उद्या उजेडात काढून टाकतो. @पंचगंगाकाठ, एक विचारायचं राहिलं: आडव्या वादीचं टोक दांड्याखालून वळवून मी तीन टाके घातलेत. आबा वादीनेच अडकवायचे म्हणालात, ती गाठ कशी असते? काढून दाखवता येईल का?

पंचगंगाकाठ

वादीच्या टोकापासून बोटभर आत उभी चीर द्यायची, टोकाला निमुळतं करायचं, दांड्याला वेढा देऊन ते टोक चिरीतून ओढून घ्यायचं. ओढाल तेवढं आवळतं. चिरीच्या दोन्ही टोकांना आरीने बारीक गोल भोक मात्र पाडा, नाहीतर चीर पुढे फाटत जाते. रविवारी आबांकडे जातोय, त्यांच्या हाताचा व्हिडिओ काढून इथे टाकतो.